झाडावरचा साप, जहाल विष आणि मधला ‘म्हणून’

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कारण आणि कार्य ह्यांतला फरक बघितला. तेव्हा घड्याळ, हृदय, डोळा अशी नेहमीची पुस्तकी उदाहरणे घेतली होती. एका श्रोत्याने पत्र लिहून कळवले की, सर, हृदयाचा कंटाळा आला, दुसरे काही घ्या. म्हणून आज साप घेतोय. तोही झाडावरचा.

आधीच सांगून टाकतो, मी सर्पतज्ज्ञ नाही. सापाला हात लावलेला नाही, लावायची इच्छाही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले आणि त्यातही वाक्ये तपासण्याचे काम जास्त केले. हे वाक्य नेमके काय म्हणते, कशाच्या जोरावर म्हणते, आणि कोणती गोष्ट घडली तर ते खोटे ठरेल, एवढेच मला विचारता येते. तेवढेच आज विचारणार आहे.

वाक्य असे आहे. एका माहितीपटात ऐकले आणि पुढे मराठीतल्या दोन-तीन लेखांत जवळपास त्याच शब्दांत वाचले. ‘झाडावर राहणाऱ्या सापाचे भक्ष्य म्हणजे पक्षी. पक्ष्याला चावून सोडला तर तो उडून जाईल आणि सापाला सापडणार नाही. म्हणून झाडावरच्या सापाचे विष अतिशय जहाल झाले.’ उदाहरण नेहमी एकच असते, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवरचे इल्या दा केमादा ग्रांदे हे बेट. त्रेचाळीस हेक्टरांचे. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढली आणि ते मुख्य भूमीपासून तुटले. तिथे पिवळट सोनेरी रंगाचा एक साप आहे, ‘बोथ्रॉप्स इन्सुलारिस’, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा. १९२१ साली आफ्रानिओ दो आमाराल ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. बेटावर जमिनीवरचे सस्तन प्राणी नसल्यासारखेच, तेव्हा मोठे झालेले साप झाडावर चढून, हंगामात येणारे स्थलांतरित पक्षी पकडतात. इथपर्यंत सगळे बरोबर आहे. पुढे निवेदक आवाज खाली आणतो आणि सांगतो की, ह्याचे विष मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा कित्येक पट जहाल आहे, कारण पक्षी उडून जायला नको.

ऐकायला गोड वाटते ना? मलाही वाटले. गोड वाटले म्हणूनच संशय आला.

ह्या वाक्यात दोन शब्द तपासण्यासारखे आहेत. एक ‘जहाल’ आणि दुसरा ‘म्हणून’.

‘जहाल’पासून सुरुवात करू. कित्येक पट जहाल म्हणतात, ते कोणाच्या मानाने? विषाची ताकद मोजायची रूढ पद्धत १९२७ साली ट्रेव्हन नावाच्या शास्त्रज्ञाने घालून दिली. जी मात्रा दिल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा नोंदवायची. मात्रा जितकी कमी, तितके विष जहाल. पद्धत सोपी आहे, तुलना करता येते, तक्रार नाही. पण हे प्रयोगातले प्राणी कोण? बहुतेक वेळा पांढरे उंदीर. म्हणजे जगातल्या सापांची यादी आपण लावली ती उंदराच्या मापाने. आता जो साप उंदीर खातच नाही, त्याचे काय करायचे?

हा प्रश्न हवेतला नाही. आपल्याकडे मांजऱ्या नावाचा साप आहे, मांजरासारखी उभी बाहुली असलेला, रात्री फिरणारा. त्याच्या कुळात, म्हणजे बॉयगा ह्या प्रजातीत, आग्नेय आशियातला एक काळा-पिवळा खारफुटीतला मांजऱ्या आहे, ‘बॉयगा डेंड्रोफिला’. त्याच्या विषातून २००६ साली एक प्रथिन वेगळे काढले गेले. नाव डेन्मोटॉक्सिन. कोंबडीच्या पिलाच्या स्नायूवर ते घातले की स्नायूचे आकुंचन थांबते आणि पुन्हा सुरू होत नाही. उंदराच्या स्नायूवर घातले तर परिणाम थोडासा, आणि धुऊन टाकल्यावर निघून जाणारा. तीन वर्षांनी, २००९ मध्ये, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडच्या तपकिरी मांजऱ्याच्या, ‘बॉयगा इर्रेग्युलारिस’च्या विषातले इर्डिटॉक्सिन पुढे आले. ते पक्ष्यांना आणि सरड्यापालींना मारते, उंदराला काहीच करत नाही. पक्ष्याच्या स्नायूवर जेवढ्या मात्रेने काम होते, त्याच्या हजारपट मात्रा सस्तन प्राण्याच्या स्नायूवर लागते. हजारपट!

आता सांगा, ह्या सापाचे विष जहाल की सौम्य? उंदराला विचाराल तर सौम्य. चिमणीला विचारायला चिमणी शिल्लक राहणार नाही.

ह्याचा अर्थ असा की ‘विषारी असणे’ हा सापाचा गुण नाही, जसा हिरवेपणा हा गुण आहे तसा. तो संबंध आहे. नव्यन्यायवाल्यांनी आपल्याला शिकवून ठेवले आहे की संबंध म्हटला की त्याला प्रतियोगी आणि अनुयोगी अशी दोन टोके हवीत. ‘मोठा भाऊ’ म्हटले की कोणाचा, हे विचारावेच लागते. तसे ‘विषारी’ म्हटले की कोणाला, हे विचारले पाहिजे. आपण ते विचारत नाही, कारण दुसऱ्या टोकाला आपण स्वतःला गृहीत धरून ठेवलेले असते.

आणि मग आपल्या मराठी पुस्तकांतली ती तीन खणांची मांडणी येते. विषारी, निमविषारी, बिनविषारी. शाळेच्या पुस्तकात असते, सर्पमित्रांच्या भित्तिपत्रकावर असते. सुश्रुताने पाच वर्ग केले होते, दर्वीकर, मंडली, राजिमान, निर्विष आणि वैकरंज. त्यात निदान फणा, मंडले, रेषा असे सापावरच दिसणारे काही होते. आपल्या ‘निमविषारी’त मात्र ‘निम’ म्हणजे अर्धे, ते कशाचे अर्धे? साधारणपणे त्या खणात पडतात ते मागच्या दातांचे साप. हरणटोळ, मांजऱ्या वगैरे. ह्यांचे विषाचे दात वरच्या जबड्यात मागे असतात, विष दाबाने टोचले जात नाही, चावत चावत ओघळून आत जाते. माणसाला बहुधा थोडी सूज येते आणि उतरते. म्हणून निमविषारी. दातांच्या जागेवरून विषाविषयीचे अनुमान आणि तेही फक्त माणसापुरते! अनुमानाचा हेतू किती कच्चा आहे बघा.

कच्च्या हेतूची किंमत मोजल्याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. कार्ल पॅटरसन श्मिट, शिकागोच्या फील्ड म्युझियममधले मोठे सर्पतज्ज्ञ. १९५७ च्या सप्टेंबरात शिकागोच्याच प्राणिसंग्रहालयाकडून एक आफ्रिकी साप ओळख पटवण्यासाठी त्यांच्याकडे आला. लहान वयाचा होता. बूमस्लँग, हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द, अर्थ अगदी साधा, ‘झाडसाप’. मागच्या दातांचा. तो श्मिट ह्यांच्या अंगठ्याला चावला. आफ्रिकेत ह्या सापाने माणसे मारल्याचे माहीत होते, पण साप लहान, दात मागचे, त्यातला एकच नीट रुतलेला. श्मिट घरी गेले आणि तज्ज्ञाच्या शिस्तीने स्वतःची लक्षणे लिहीत बसले. मळमळ, थंडी, हिरड्यांतून रक्त, मग लघवीतून रक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी बरे वाटत होते, न्याहारी केली. दुपारी गेले. त्यांची ती टिपणे पुढे त्यांचे सहकारी क्लिफर्ड पोप ह्यांनी प्रसिद्ध केली. साठ वर्षांनी, २०१७ मध्ये, काही शास्त्रज्ञांनी बूमस्लँगच्या विषाचे घटक तपासले, तेव्हा शोधनिबंधाचे शीर्षकच ठेवले की कार्ल पॅटरसन श्मिटला कशाने मारले. उत्तर असे निघाले की ह्या विषाचा बहुतांश भाग मेटॅलोप्रोटिनेज नावाच्या विकरांचा आहे. ही विकरे रक्त गोठवणारी साखळी भलत्या वेळी चालू करतात. गोठण्याचे सगळे साहित्य संपून जाते आणि मग रक्त थांबतच नाही, आत झिरपत राहते.

शिकागो लांब आहे, म्हणून आमच्या आजोळची गोष्ट सांगतो. दोडामार्गाकडे काजूच्या बागा आहेत. तिथे कामाला येणाऱ्या एका बाईला, आम्ही तिला वयनी म्हणायचो, फांदी ओढताना बोटाला साप चावला. हिरवा, झाडावरचा. जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, कसला साप? मुलगा म्हणाला, हिरवा, झाडावरचा. डॉक्टर म्हणाले, मग हरणटोळ असणार, निमविषारी असतो, घाबरू नका. गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. रात्रीत हात खांद्यापर्यंत सुजला, सकाळी चूळ भरली तर रक्त. तो हरणटोळ नव्हता, चापडा होता. तोही हिरवा, तोही झाडावरचा, पण घोणसाच्या कुळातला, पुढच्या लांब दातांचा. वयनी वाचली, मोठ्या इस्पितळात नऊ दिवस राहून. बोट मात्र पुन्हा नीट वाकले नाही. त्या डॉक्टरांना मी दोष देत बसणार नाही, त्यांना जे तीन खण शिकवले त्यातलाच एक त्यांनी उघडला. पण ‘झाडावरचा’ ह्या विशेषणावरून विषाचा अंदाज बांधणे म्हणजे काय असते, ते मला तेव्हापासून नीट ठाऊक आहे. माहितीपटातला निवेदक झाडावरून ‘जहाल’ काढतो, आमच्या डॉक्टरांनी झाडावरून ‘सौम्य’ काढले. चूक एकच, दिशा उलट.

आता ‘म्हणून’कडे येतो. इथे जरा सावकाश जाऊ या.

झाड हे सापाच्या शरीरावर काम करते, ह्यात वाद नाही. झाडावरचे साप सडपातळ असतात, हलके असतात, शेपूट लांब असते. एक फार सुंदर निरीक्षण आहे, हार्वी लिलीव्हाइट ह्यांच्या कामातून पुढे आलेले. चढणाऱ्या सापांचे हृदय डोक्याच्या जवळ असते, पाण्यातल्या सापांचे बरेच मागे. कारण उघड आहे. साप खोडावर उभा झाला की गुरुत्वाकर्षण रक्ताला खाली ओढते, मेंदूपर्यंत रक्त पोचवायचे तर पंप वर हवा. पाण्यात राहणाऱ्याला ती अडचण नाही. इथे ‘झाडावर राहतो म्हणून हृदय पुढे’ ह्यातला ‘म्हणून’ मला मान्य आहे. झाड, उभे शरीर, रक्ताचा स्तंभ, हृदय. मधली प्रत्येक कडी बोट ठेवून दाखवता येते.

विषाचे तसे आहे का? विषाची गाठ झाडाशी पडतच नाही. ते ग्रंथीतून निघते, दातातून जाते, आणि त्याची गाठ पडते ती भक्ष्याच्या शरीरातल्या एखाद्या प्रथिनाशी. इर्डिटॉक्सिन हे तीन बोटे पसरलेल्या पंजासारख्या आकाराच्या दोन साखळ्यांचे जोड-प्रथिन. ते स्नायूवरच्या त्या रिसेप्टरवर जाऊन बसते, जिथे मज्जातंतूकडून निरोप यायचा असतो. निरोप अडला, स्नायू ढिला पडला, श्वास थांबला. त्या रिसेप्टरला काय ठाऊक, की साप फांदीवर होता का बिळात? विषाला झाड दिसत नाही. त्याला दिसतो फक्त खाल्ला जाणारा.

तुम्ही म्हणाल, पण सर, झाडामुळेच भक्ष्य ठरते ना? बरोबर. ठरते, पण ढोबळ. मग झाड आणि विष ह्यांच्या मध्ये निदान दोन गोष्टी येतात. एक म्हणजे खरोखर काय खाल्ले जाते, आणि दुसरी म्हणजे त्या सापाला वाडवडिलांकडून कोणती जनुके मिळाली आहेत. ही दुसरी गोष्ट माहितीपटात कधीच येत नाही.

तपासून बघा. बूमस्लँग झाडावरचा, सरडे आणि पक्षी खाणारा, मागच्या दातांचा. तपकिरी मांजऱ्या झाडावरचा, सरडे, पाली आणि पक्षी खाणारा, मागच्या दातांचा. घर एक, पान एक, दातही सारखे. आणि विष? एकाचे मुख्यतः रक्तावर काम करणारी विकरे, दुसऱ्याचा प्रमुख मारेकरी मज्जातंतू आणि स्नायूच्या सांध्यावर बसणारा. झाडावरून विष ठरत असते, तर हे दोघे इतके वेगळे निघते ना! उलट मांबा घ्या. आफ्रिकेतल्या चार मांबांपैकी तीन हिरवट आणि झाडावर राहणारे, काळा मांबा बहुतेक वेळ जमिनीवर आणि खडकांत. घर वेगळे. पण मज्जातंतूंतले पोटॅशियमचे दरवाजे अडवणारी डेंड्रोटॉक्सिन्स काळ्या मांबातही सापडतात आणि हिरव्यातही. जाता जाता एक गंमत सांगतो. ह्या ‘डेंड्रोटॉक्सिन’मधला ‘डेंड्रो’ म्हणजे झाड. पण तो झाडावरून आलेला नाही, मांबाच्या प्रजातीचे नाव ‘डेंड्रोआस्पिस’ आहे त्यावरून आला. एका विद्यार्थ्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितले होते की बघा सर, झाडावरचे विष असे नावच आहे. नावावरून वस्तू सिद्ध करण्याची आपली जुनी खोड.

आणखी एक बाजू. झाडावर राहून विषाशिवाय उत्तम चाललेले साप आहेतच की. न्यू गिनीचा हिरवा अजगर फांदीला वेटोळे घालून बसतो आणि आवळून मारतो. आपला रुका साप दिवसभर झाडाझुडपांत बेडूक आणि सरडे पकडून जिवंतच गिळतो. ‘पक्षी उडून जाईल’ ह्या अडचणीवर उपाय अनेक आहेत, आणि सर्वांत साधा म्हणजे त्याला सोडायचाच नाही. झाडावरचे घोणसवर्गी साप बहुधा तेच करतात. उंदराला चावून सोडतात, पक्ष्याला धरून ठेवतात. ज्याने पक्षी तोंडात घट्ट धरून ठेवला आहे, त्याच्या बाबतीत ‘उडून जाऊ नये म्हणून जहाल विष’ ह्या स्पष्टीकरणाची निम्मी हवा गेली.

१९७९ साली स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन ह्या दोघांनी जीवशास्त्रातल्या अशा कथांवर एक गाजलेला हल्ला चढवला. त्यांनी व्हॉल्टेअरच्या कादंबरीतल्या पँग्लॉस गुरुजींना साक्षीला बोलावले. नाक कशासाठी? तर चष्मा ठेवण्यासाठी, असे म्हणणारे ते गुरुजी. त्यांचे म्हणणे एवढेच होते की शरीराचा प्रत्येक भाग सुटा काढून, हा अमुक कामासाठीच घडला अशी कथा रचता येते, आणि एक कथा पडली की दुसरी तयार असते. माझ्या पिढीतल्या अनेक तत्त्वज्ञानवाल्यांना हा निबंध इतका आवडला की त्यांनी अनुकूलनाची सगळीच स्पष्टीकरणे कथा म्हणून निकालात काढली. मीही काही वर्षे वर्गात तसेच शिकवले. आज ते मागे घेतो. तो आळशीपणा होता.

कारण चांगले ‘म्हणून’ही ह्याच क्षेत्रात आहेत. एक समुद्रसाप आहे, ‘आयपिसुरस आयडोक्सी’. समुद्रसाप म्हणजे भयंकर विष, ही त्याची घराण्याची ओळख. पण ह्या गृहस्थाने माशांची अंडी खायला सुरुवात केली. अंडे पळत नाही, चावत नाही, त्याला मारायची गरज नाही. आणि २००५ च्या सुमारास असे दिसून आले की ह्याच्या तीन बोटांच्या विषाच्या जनुकातून दोन अक्षरे गळून गेली आहेत, प्रथिन अर्धवट तयार होते. विषग्रंथी खुरटल्या आहेत, विषाची ताकद भावंडांच्या मानाने नाममात्र. भक्ष्य बदलले आणि विष ढासळले. इथे तुलना जवळच्या नातेवाइकांशी आहे, यंत्रणा अक्षरापर्यंत माहीत आहे, आणि मुख्य म्हणजे हे विधान चुकू शकले असते. अंडी खाणाऱ्याचे विष जहालच राहिले असते, तर ‘भक्ष्यामुळे विष टिकते’ हे म्हणणे अडचणीत आले असते.

दुसरे उदाहरण झाडावरचेच, दक्षिण अमेरिकेतला ‘स्पिलोटेस सल्फ्युरियस’. २०१८ सालच्या कामात ह्याच्या विषातली दोन तीन-बोटी प्रथिने तपासली गेली. एक सरड्यांना मारते आणि सस्तनांना नाही, दुसरे सस्तनांना मारते आणि सरड्यांना नाही. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते. साप तोच, झाड तेच, आणि एकाच विषात दोन वेगळ्या पत्त्यांची दोन पत्रे. इथे ‘झाडावरच्या सापाचे विष’ हा शब्दप्रयोगच विरघळून जातो. विष हा एकवचनी शब्द आहे आणि वस्तू अनेकवचनी. पूर्वेकडच्या हिरव्या मांबाच्या विषाबद्दल तर असे दिसले आहे की सुटे केलेले कुठलेच घटक एकेकटे संपूर्ण विषाइतके मारक नाहीत, ते एकमेकांच्या साथीने मारतात. मग ‘जहाल’ हे विशेषण लावायचे तरी कोणत्या नामाला?

आता तपकिरी मांजऱ्याकडे परत येतो, कारण तिथे एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः एकदा पडलो होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हा साप, बहुधा लष्करी सामानाबरोबर, प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर पोचला. तिथे झाडावर चढून पक्षी खाणारा असला साप पूर्वी नव्हता. काही दशकांत बेटावरचे अरण्यातले बहुतेक मूळचे पक्षी नाहीसे झाले. सापच जबाबदार आहे हे ज्युली सॅव्हिज ह्यांनी १९८७ मध्ये मांडले. पक्ष्यांवर हजारपट चालणारे विष आणि पक्षी संपलेले बेट, ही जोडी इतकी चपखल बसते की कोणीही म्हणेल, बघा, विष ह्यासाठीच तर होते! मी एका चर्चासत्रात हे उदाहरण असेच वापरले. एका तरुण जीवशास्त्रज्ञ मुलीने उठून शांतपणे विचारले, “सर, हे विष ग्वाममध्ये घडलं का?”

नाही घडले. ते घडले हजारो किलोमीटर दूर आणि कितीतरी आधी. ग्वाममध्ये जे झाले तो त्या विषाचा परिणाम, कार्य नव्हे. लॅरी राइट ह्यांनी १९७३ मध्ये हा भेद नेमका मांडला होता. एखादी गोष्ट जे करते ते सगळे तिचे कार्य नसते. जे केल्यामुळे ती गोष्ट तिथे टिकून आहे, तेवढेच तिचे कार्य. हे मी वर्गात वीस वर्षे शिकवले आणि साप समोर आल्यावर विसरलो. शिवाय ग्वामच्या हानीत विषाचा वाटा किती आणि नुसत्या न घाबरणाऱ्या पक्ष्यांचा, उघड्या घरट्यांतल्या अंड्यांचा, सापांच्या प्रचंड संख्येचा वाटा किती, हे वेगळे काढावे लागते. अंडी खायला विष लागत नाही हे आपण आत्ताच बघितले. मोठा झालेला हाच साप उंदीरही खातो, आणि विष उंदरावर चालत नाही, तेव्हा त्याला आवळून मारतो. म्हणजे भक्ष्य बदलले तरी विष बदललेच पाहिजे असेही नाही, साप दुसरी युक्ती काढू शकतो.

आणि एक सावधगिरी. उंदराला काही होत नाही म्हणून माणसाला काही होत नाही, असे समजू नका. ग्वामवर झोपलेल्या तान्ह्या मुलांना हा साप चावल्याच्या आणि त्यांना श्वास घेणे जड गेल्याच्या नोंदी आहेत. अनुमानाला उंदरापासून बाळापर्यंत उडी मारू देऊ नये.

विषाच्या उगमाबद्दलच्या भाषेविषयी थोडक्यात बोलतो. शोधनिबंधांत एक शब्द फार येतो, भरती. शरीरात दुसरीकडे काम करणारी जनुके, दुप्पट होऊन, विषग्रंथीत ‘भरती’ झाली. २००६ साली ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी ह्यावरून मोठा सिद्धांत मांडला की सरडे आणि साप ह्यांच्या एका समान पूर्वजातच विषाची व्यवस्था एकदाच सुरू झाली. २०१४ मध्ये हार्ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी विचारले की ज्यांना तुम्ही विषाची जनुके म्हणता, ती तर शरीरात इतरत्रही चालू सापडतात. मग ग्रंथीत सापडली म्हणून त्यांना विष कसे म्हणायचे? त्यांच्या मते अनेक बाबतींत भरती झालीच नाही. जनुक आधीपासून लाळग्रंथीतही चालू होते, इतर ठिकाणीही होते, पुढे इतर ठिकाणचे बंद पडले आणि ग्रंथीतले उरले. भरती नव्हे, बाकीच्यांची निवृत्ती. निवृत्त माणसाला हे जास्त पटते! पण चेष्टा बाजूला ठेवू. ‘भरती’ म्हटले की भरती करणारा कोणीतरी हवा, त्याच्या मनात हेतू हवा, आणि मग ‘पक्षी उडून जाऊ नये म्हणून’ हे वाक्य आपोआप तोंडात येते. रूपक फुकट मिळत नाही.

आता जिथे ह्या सगळ्याने माणसाचा जीव वाचतो किंवा जातो, तिथे येऊ. १८९५ च्या सुमारास आल्बेर काल्मेत ह्यांनी नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले आणि ते सगळ्याच सापांवर चालेल अशी त्यांची धारणा होती. विष म्हणजे विष, एकच द्रव्य, कमी-जास्त जहाल. ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील नावाच्या डॉक्टरांनी ते तिथल्या सापांवर वापरून बघितले. चालले नाही. विष स्थानिक असते, म्हणून प्रतिविषही त्या त्या सापाचेच हवे, हे त्यांनी ठासून दाखवले आणि बुटांटानच्या संस्थेत तशी प्रतिविषे केली. बोथ्रॉप्सवाल्या देशातच हा धडा मिळाला, आणि त्याच देशातल्या बोथ्रॉप्सवर आज आपण ‘कित्येक पट जहाल’ची कथा ऐकतो.

आपल्याकडचे प्रतिविष चार सापांच्या विषावर बनते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्या हाफकिनने ह्या कामात मोठी परंपरा निर्माण केली आणि ह्या चारांनीच सर्वाधिक माणसे मरतात, तेव्हा निवड चुकीची नाही. पण चापडा त्यात नाही. थायलंडमध्ये रेड क्रॉसची संस्था तिथल्या हिरव्या चापड्यासाठी वेगळे प्रतिविष बनवते. आमच्या वयनीला मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरने खरे ते सांगितले की, वहिनी, ह्या सापाचं औषध ह्या बाटलीत नाही, आम्ही रक्तावर लक्ष ठेवतो आणि सूज उतरायची वाट बघतो. चापडा सहसा माणूस मारत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी खर्च करत नाही. बागांतून, चहाच्या मळ्यांतून, वेलदोड्याच्या लागवडीतून हाताला चावणाऱ्या सापांचे विष काय आहे, ह्याची तपशीलवार नोंद भारतात अजून अपुरी आहे. तोपर्यंत हाती उरते ते ‘निम’.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: सर, मग ‘निमविषारी’ शब्द काढून टाकायचा का? गावात लोकांना सांगायचं काय?

गावात सांगताना मी तरी वर्ग सांगणार नाही, साप सांगेन. हिरवा दिसला तर डोके बघा. लांबट, टोकदार तोंड, दोरीसारखे अंग, तर हरणटोळ. त्रिकोणी रुंद डोके, मान बारीक, अंग जाडसर, तर चापडा. पण चावल्यावर हे बघत बसू नका. साप पकडायला जाऊ नका, चिरू नका, करकचून बांधू नका, आधी इस्पितळात जा आणि तिथे ‘झाडावरचा होता’ एवढ्यावर कोणाला थांबू देऊ नका. रक्त गोठते का, ते काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून बघायला सांगा. ती चाचणी कुठल्याही दवाखान्यात होते.

प्रश्न: आमच्याकडे म्हणतात हरणटोळ टाळूवर उडी मारून टाळू फोडतो. ह्याला काही आधार?

आमची आजीही म्हणायची, बागेत जाताना डोक्याला फडके बांध. तमिळनाडूत तो डोळे फोडतो म्हणतात. साप डोक्याच्या उंचीवर लोंबत असतो, त्यामुळे चावलाच तर हाताला किंवा तोंडाला चावणार, तेवढा आधार आहे. टाळूचे काही नाही. फडके मात्र बांधावे, उन्हासाठी.